शिंप्यांच्या गल्लीतलं दव

ज्यांना सकाळी साडेपाचला उठायची सवय आहे त्यांना ती दिसतेच. सायकलच्या टोपलीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत टिपकागद, आणि स्वारी अशी चाललेली, जणू झोपेलाच सायकलवर बसवून फिरायला काढलं आहे. उजाडू लागलेलं असतं. रस्ते ओले म्हणावे तर ओले नसतात आणि कोरडे म्हणावे तर कोरडेही नसतात, गच्च्यांच्या कडा दुधात बुडवून काढल्यासारख्या दिसतात. नवा माणूस विचारतो, "या कोण?" जुना माणूस जांभई देत सांगतो, "दवाच्या बाई. दव गोळा करतात." नवा माणूस पुढे काही विचारत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच अजून नीट जाग आलेली नाही.

आता दव गोळा करणं हा काही पोटापाण्याचा धंदा नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण माणूस कशाच्या नादी लागेल याला काही धरबंध नसतो. तिचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. खांद्यावर पेटी, पेटीत वजनं, चिमटे आणि तेलाची कुपी, आणि दिवसभर या दुकानातून त्या दुकानात. घरात खिडकीपाशी एक सराफी काटा असायचा, काचेच्या पेटीतला, इतका हळवा की मोहरीचा दाणा टाकला तरी पारडं दचकायचं. ती नऊ वर्षांची असताना एकदा पेटीचं दार रात्रभर उघडं राहिलं, आणि सकाळी बघतात तर खिडकीकडचं पारडं खाली.

"ओला हात लावलास काट्याला?"

"नाही बाबा."

"मग पारडं काय स्वतःच्या मनानं खाली बसलं?"

वडिलांनी भिंग काढलं. पारड्यात बारीक थेंब होते, राईहून बारीक, एकमेकांना न शिवता बसलेले. त्यांनी ते मुलीला दाखवलं. ऊन खिडकीत आलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते पारडं हळूहळू, कुणीही न उचलता, वर आलं.

"कोण येऊन गेलं?" मुलीनं विचारलं.

"पाणी."

"कुठून आलं?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त काटा दुरुस्त करतो."

बापानं त्या दिवशी काहीतरी ठोकून दिलं असतं तर मुलगी पुढे बँकेत बिंकेत लागली असती. पण तो माणूस वजनातला, खोटं बोलायचं अंगात नव्हतं. त्या एका "माहीत नाही"च्या मागे पोरगी जी निघाली, ती शाळा, कॉलेज करत थेट विद्यापीठात जाऊन थडकली.

तिथे तिचे सर होते. नद्या, पूर, धरणं यांवरचे मोठे तज्ज्ञ. त्यांच्या खोलीबाहेर विद्यार्थ्यांची रांग लागायची. तिनं विषय सांगितला तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दव? अगं, पाऊस घे, पूर घे, अगदीच काही नाही तर गारा घे. दवावर कोण काम करतं?"

"कोणीच नाही, सर."

सरांनी जरा विचार केला. "मग घे. निदान धक्काबुक्की तरी नाही."

सात वर्षं ती विभागाच्या गच्चीवर पहाटे एकटी उभी राहिली. काच पुसायची, टिपकागद तोलायचा, आकडा लिहायचा. त्या सात वर्षांत तिच्या मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं झाली, मुलांचे दात पडून नवे आले. ही मात्र गच्चीवर. पण तिला विचाराल तर ती सांगेल की ते दिवस स्वप्नासारखे गेले. कारण दव पडतं असं आपण म्हणतो, पण ते पडत नाही. वरून काहीच येत नाही. पाणी आपल्या आजूबाजूच्या हवेतच असतं, दिवसभर, आपल्या नाकातोंडातून ये-जा करत. रात्री काच उघड्या आभाळाकडे बघत राहते आणि बघता बघता थंड होते. मग तिच्यापाशी आलेली हवा आपलं थोडं पाणी तिथे ठेवून पुढे जाते, पाहुण्यानं चप्पल दारात काढून ठेवावी तसं. हे तिला पहिल्यांदा समजलं त्या सकाळी ती जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. पायाखाली जमीन आहे की हवा, याचा भरवसा वाटत नव्हता.

पदवी मिळाली. नोकरी मिळाली ती एका वर्षापुरती. मग दुसरा कागद आला, पुन्हा वर्षापुरता. असे पुढे अकरा कागद झाले. लेख लिहावा, मोठ्या नियतकालिकाला पाठवावा आणि तो माहेरी गेलेल्या सुनेसारखा महिन्याभरात घरी परत यावा, हे ठरून गेलेलं. तपासणारे लिहायचे, "एका गच्चीवरून अख्ख्या शहराबद्दल बोलता येत नाही." तिला राग यायचा, कारण त्यांचं बरोबर होतं.

अशात वाचनालयानं तिला लोकांसाठी भाषण द्यायला बोलावलं. सात माणसं आली. त्यातली दोघं पंख्याखाली बसायला आली होती, आणि एकाला वर्तमानपत्र हवं होतं, ते हिच्या खुर्चीखाली सापडलं. तिनं तासभर आलेख दाखवले. शेवटी मागच्या बाकावरून एक शिंपी उठला. सत्तरीकडे झुकलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, अंगातला सदरा इतका बेतशीर की बोलण्याआधीच धंदा कळावा.

"बाई, झकास सांगितलंत. एक विचारू? काल रात्री माझ्या गच्चीवर किती पडलं?"

"ते... मला माहीत नाही, काका."

"मग तासभर कुणाच्या गच्चीबद्दल बोलत होतात?"

"आमच्या विभागाच्या."

"हां. म्हणजे माप दुसऱ्याचं आणि शर्ट माझा."

पंख्याखालचे दोघं हसले. तीन वर्षं तपासणारे जे लिहीत होते ते शिंप्यानं एका शर्टात बसवलं होतं. चार दिवस तिच्या कानात तो शर्ट वाजत राहिला. पाचव्या दिवशी ती फ्रेमवाल्याकडे गेली आणि वीतभर लांबरुंद अशा चाळीस काचा कापून आणल्या.

चाळीस घरं मिळवायला फार फिरावं लागलं नाही. शिंपीकाकांनी पाच तर त्यांच्या गल्लीतच मिळवून दिली. न्हावी होता, औषधाच्या दुकानाचा मालक होता, निवृत्त झालेली नर्स होती, स्वतः फ्रेमवाला होता. काम सोपं. संध्याकाळी काच गच्चीवर मांडायची. सकाळी ऊन यायच्या आत नंबर घातलेल्या टिपकागदानं पुसायची, कागद पिशवीत घालून तोंड बंद करायचं. तोलायचं बाई बघतील. सहा वाजता बाई सायकलवरून येणार, जिने चढणार, दोन शब्द बोलून पिशवी नेणार. शनिवारी सगळ्यांचे आकडे वाचनालयाच्या फळ्यावर.

पहिल्या शनिवारी तिनं ग्रॅममध्ये लिहिलं. कुणी ढुंकून बघितलं नाही.

"ग्रॅम कुणाला दिसतो, बाई?" शिंपीकाका म्हणाले. "घरात जे आहे त्यात सांगा."

मग ती चमचे आणि बादल्यांत सांगू लागली. न्हाव्याच्या काचेवर पाऊण चमचा, म्हणजे त्याच्या सगळ्या गच्चीवर निम्मी बादली. ते वाचून न्हावी गच्चीवर जाऊन उभा राहिला, की निम्मी बादली पाणी इथे आलं, बसलं आणि मला न सांगता निघूनही गेलं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो हेच सांगायचा. फळ्यापाशी शनिवारी गर्दी होऊ लागली.

"आमच्याकडे काल चमचाभर."

"तुमची गच्ची उंच. तुम्हाला काय, आयतं मिळतं."

"अहो, वरून पडत नाही ते. तिथल्या तिथे धरतं, बाईंनी सांगितलंय."

"मग तुम्हीच धरून ठेवलं असेल. तुमचा स्वभावच तो."

दोन वर्षं आकडे जमले, आणि त्यातून एक नवल वर आलं. ढग असले किंवा वारा सुटला की गावभर काचा कोरड्या राहायच्या. शिंप्यांच्या गल्लीतल्या पाच काचा मात्र तेव्हाही ओल्या. फार नाही, अर्धा चमचा. पण दर वेळी.

ती त्या अर्ध्या चमच्याच्या प्रेमातच पडली. गल्लीमागे तळं होतं. तिच्या मनात एक चित्र तयार झालं, की तळ्यावरची गार हवा रात्री उठते, कुणालाही न दिसणारा ओढा होऊन गल्लीत शिरते, बंद दारं, झोपलेली यंत्रं, टांगलेले अर्धवट सदरे यांच्यावरून वाहत जाते आणि गच्च्यांवर आपला ओलावा सोडते. ती चहाचा कप हातात धरून त्या ओढ्याकडे बघत बसायची आणि चहा निवून जायचा. त्यावर तिनं लेख लिहिला. लेख पहिल्याच खेपेला, मोठ्या नियतकालिकात, छापून आला. वर्तमानपत्रानं गल्लीचा फोटो छापला. शिंपीकाकांनी तो चौकटीत घालून दुकानात लावला, खाली उभं राहून गिऱ्हाइकांची मापं घेऊ लागले.

आणि मग ती गोष्ट आली जिची तिनं अकरा कागद वाट बघितली होती. विभागात एक कायमची जागा निघाली. पाच जणांची समिती. समितीनं कळवलं, बाईंचं काम लोकांमधलं आहे, तर मुलाखतीऐवजी त्यांनी सभागृहात सगळ्यांसमोर भाषणच द्यावं.

भाषणाला नऊ दिवस होते. तिला ओल्या काचेचा एक चांगला फोटो हवा होता. त्या सकाळी ढग होते आणि वाराही, म्हणजे ओली काच मिळणार ती शिंपीकाकांकडेच. ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाली. जिन्याचं दार उघडं होतं, पायांत कापडी बूट. वर पोचली तर काका काचेपाशी उकिडवे बसलेले, आणि हातात इस्त्रीच्या आधी कापड दमट करायची ती फवाऱ्याची बाटली. फुस्. फुस्. मग त्यांनी कॉलर पारखावी तशी मान वाकडी करून काचेकडे बघितलं आणि आणखी एकदा, फुस्.

"काका."

"या बाई. आज लवकर?" बाटली लपवावी हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"हे काय करताय?"

"कोरडी होती."

"मग?"

"मग काय, कोरडीच पाठवू? एवढ्या लांबून सायकल हाणत येता तुम्ही. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, एवढं आईनं शिकवलंय."

ती गच्चीच्या उंच भिंतीला टेकली. "रोज करता?"

"छे छे. ओली असेल तर बोटसुद्धा लावत नाही. कोरडी असली तरच. दोन फवारे. वारा असला तर तीन, उडून जातं ना."

"आणि गल्लीतली बाकीची चार घरं?"

"बाटल्या सगळ्यांकडे आहेत. धंदाच तो आपला."

"पण काका, कोरडी असली तरी चालेल असं मी सांगितलं होतं."

"तोंडानं सांगितलं होतंत," काका म्हणाले. "पण कोरडी पिशवी हातात दिली की तुमचा चेहरा असा व्हायचा." त्यांनी तिचा चेहरा करून दाखवला. ओठ मिटलेले, भुवया किंचित वर, 'असू दे' म्हणणारा. "आणि ओली दिली की असा." दुसरा चेहरा केला, तो बघून तिला स्वतःचीच लाज वाटली, इतका तो आनंदी होता. "मग सकाळी सकाळी कुणाचं तोंड कशाला पाडायचं? काही चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन जिना उतरली. उरलेल्या गच्च्यांवर ती त्या दिवशी गेली की नाही, हे तिला नंतर आठवेना. तळ्याचं पाणी वाऱ्यानं हलत होतं. ओढा तिथून निघत नव्हता, कधीच निघाला नव्हता. तो पाच बाटल्यांतून निघत होता.

सर आता निवृत्त झाले होते, घरी कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून त्यांनी झारी खाली ठेवली.

"पाच घरांचे आकडे काढून टाक. उरलेल्या पस्तिसांवर लेख उभा राहतो का?"

"लेख त्या पाचांवरच उभा आहे, सर."

"मग तो लेख नव्हे, इस्त्री आहे." त्यांनी झारी पुन्हा उचलली. "मागे घ्यावा लागेल."

"आणि जागा?"

"समितीत दोघं हट्टी आहेत, दोघं दयाळू आहेत आणि एक झोपतो. मागे घेतलेल्या लेखाचं ते काय करतील, मला सांगता येत नाही. पण न घेता तू तिथे उभी राहिलीस तर मी यायचा नाही."

तिनं त्याच दुपारी नियतकालिकाला पत्र लिहिलं. चार ओळी लिहायला चार तास लागले. पाठवून झाल्यावर उरलं ते आणखी अवघड होतं. सभागृहात समिती असणार, तशी सगळी गल्लीही असणार. फोटो चौकटीत लावलेल्या माणसाला गावासमोर काय सांगायचं? लोक काय, वर्षभर पुरवून पुरवून हसतील. आणि नाही सांगितलं, तर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगून तिनं विचारलं, "बाबा, दुकानदाराचा काटा खोटा निघाला तर तुम्ही सांगायचात?"

"सांगायचो की. ते सोपं. कसं सांगायचं, यात आयुष्य गेलं." वडील शेंगा सोलत होते. "'तुमचा काटा खोटा आहे' असं मी एकदाच म्हटलं. त्यानं वजन फेकून मारलं. पाच किलोचं. नेम चुकला म्हणून तू झालीस. नंतर मी म्हणायचो, 'काटा दमलाय.' दमलेल्याला दुरुस्त करायला कुणाची ना नसते."

"पण इथे काटा कुठला, बाबा?"

"चेहरा कुणाचा बघत होते ते?"

वडिलांनी सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले.

भाषणाच्या दिवशी सभागृह भरलं. समिती पहिल्या रांगेत, पाचांपैकी एकाचे डोळे आधीच मिटलेले. दुसऱ्या रांगेत शिंप्यांची गल्ली, कडक इस्त्रीत. तिनं आलेख आणले नव्हते. पारड्यावर येऊन गेलेल्या पाण्यापासून तिनं सुरुवात केली. काच आभाळाकडे बघून कशी निवते, हवा आपलं पाणी ठेवून कशी जाते, हे ती अशा आवाजात सांगत होती की लोकांच्या माना आपोआप वर, छताकडे गेल्या, जणू तिथून आभाळ दिसणार होतं. मग ती थांबली.

"आता एक बिघडलेला काटा दाखवते," ती म्हणाली. "दोन वर्षं तो रोज तुमच्या गच्चीवर यायचा." आणि तिनं दोन्ही चेहरे करून दाखवले, कोरड्या पिशवीचा आणि ओल्या पिशवीचा. चाळीस घरांना ते पाठ होते. हशा उसळला. हशा ओसरेपर्यंत ती थांबली. "हा चेहरा बघून काही घरांनी माझ्यावर माया केली. काच कोरडी असली तर ओली केली. चूक चेहऱ्याची. गल्लीत दवाचा ओढा येतो असं मी लिहिलं होतं. असा ओढा नाही. तो लेख मी मागे घेतला आहे."

दुसऱ्या रांगेत शिंपीकाका उठले.

"काही घरांनी म्हणजे मीच ना?"

"काका, बसा ना."

"बसतो. फवारे मी मारले आणि गल्लीला मीच सांगितलं. पण बाई, त्याच दिवशी सांगायचंत मला."

"कसं सांगावं, कळेना."

"शर्ट आखूड झाला तर गिऱ्हाईक दुकानात येऊन तोंडावर सांगतं. आम्ही उसवतो, पुन्हा शिवतो. यात कसलं आलंय? लोक म्हणतात, आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार. शिंप्याला विचारून म्हणतात का?"

काका खाली बसतात न बसतात तोच नर्स उठली. "बाई, मी उलटं करायचे. फार ओली असली तर तुमचा कागद फाटेल म्हणून आधी फडक्यानं जरा टिपून घ्यायचे."

मग काय, कोंबडं झाकायचं तरी किती. औषधवाल्यानं सांगितलं की रविवारी तो उठत नसे, शनिवारचा कागद अर्धा ओला करून देई. फ्रेमवाल्यानं आपली काच फुटल्यावर त्याहून मोठी बसवली होती, चांगली दिसते म्हणून. न्हावी म्हणाला, "मी काहीच केलं नाही," आणि सगळे त्याच्याकडे अशा नजरेनं बघू लागले की तो म्हणाला, "बरं, दोनदा." तिनं खडू घेतला आणि हात वर करायला सांगितले. मोजले. तेवीस. फळ्यावर तेवीसचा आकडा लिहिताना तिला आपलं दोन वर्षांचं काम पुसलं जाताना दिसत होतं, आणि तरी तिला हसू आवरत नव्हतं. अख्ख्या गावानं मिळून तिची सकाळ गोड केली होती, प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता.

समितीतल्या झोपणाऱ्यानं डोळे उघडले. "म्हणजे आता तुमच्याकडे नक्की काय उरलं?"

"सतरा काचा," ती म्हणाली. "आणि विभागाची गच्ची."

जागा तिला मिळाली नाही. महिन्यानं सरांचा फोन आला. "हट्टी जिंकले. दयाळू मंडळी आयत्या वेळी हट्टी झाली. झोपणारा एकटा शेवटपर्यंत तुझ्या बाजूनं होता." जागा गारांवर काम करणाऱ्या एकाला गेली. ती त्या दिवशी विभागाच्या गच्चीवर जाऊन बसली, ऊन चढेपर्यंत. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. मग बारावा कागद आला, वर्षापुरता, आणि तिनं त्यावर सही केली.

काचा मात्र पुन्हा चाळीसच्या चाळीस मांडल्या गेल्या. सगळा बेत उसवून नव्यानं शिवलेला. आता ती जिने चढत नाही. प्रत्येक जिन्याखाली एक पेटी ठेवली आहे, पिशवी तिच्यात टाकायची, म्हणजे बाईंचा चेहरा कुणाला दिसायचा प्रश्न नाही. आणि पिशव्या घरी आल्या की आधी वडील त्यांचे नंबर बदलतात, कुठला कुणाचा ते आपल्या वहीत लिहून वही उशाखाली ठेवतात. त्यामुळे कुणाची पिशवी तोलतो आहोत हे तिलाही कळत नाही. ती विचारते, "बाबा, आजची सतरा नंबर कुणाची?" ते म्हणतात, "दोन वर्षं भरली की सांगीन." ढगाळ सकाळी पिशव्या कोरड्या येतात. चाळीस कोरडे कागद, एकामागून एक. ती प्रत्येक तोलते, शून्य लिहिते, पुन्हा तोलते आणि पुन्हा शून्य लिहिते, आणि पुढचा कागद उचलते.

दोन वर्षांनी वडिलांनी उशाखालची वही काढली. बेरजा झाल्या. शिंप्यांच्या गल्लीचा आकडा बघून तिनं बेरीज पुन्हा एकदा केली, आणि या वेळी वाट न बघता सायकल काढून थेट दुकानात गेली.

"काका, आकडे आले."

"बोला."

"तुमची गल्ली सगळ्यांत कोरडी. चाळिसांत खालचे पाचही नंबर तुमचेच."

काकांनी यंत्र थांबवलं. "अगदी सगळ्यांत?"

"हो. गच्च्यांभोवतीच्या भिंती उंच आहेत. काचेला आभाळच पुरेसं दिसत नाही. दिसत नाही म्हणून निवत नाही, आणि निवत नाही म्हणून पाणी धरत नाही. असं अजून कुणी माणसांच्या गच्च्यांवर मोजून दाखवलेलं नाही."

"म्हणजे असली गल्ली दुसरी नाही."

"गावात तरी नाही."

"मग पेपरवाल्याला सांगा, फोटो नवा काढ म्हणावं." काकांनी चष्मा पुसला. "बाई, मग किती आभाळ लागतं काचेला?"

"तेच मोजायचंय आता. भिंत किती उंच, काच किती लांब."

"मग बसलात काय?"

दोघं जिना चढून वर गेली. दिवस मावळत होता, गावभर एकेका गच्चीवर एकेक काच मांडली जात होती, कुठे नर्स, कुठे न्हावी, भिंतींमुळे इथून न दिसणारे. काकांनी गळ्यातली टेप काढली, तिचं टोक बाईंच्या हातात दिलं आणि काचेच्या मधोमध धरायला सांगितलं. मग ते स्टुलावर चढले आणि टेप उलगडत भिंतीच्या कडेकडे, आणि कडेच्याही जरा वर, मोकळ्या आभाळाकडे नेऊ लागले.

"हलू नका," ते वरून म्हणाले. "हं, लिहा."